आवळा, फेसलेली मोहरी आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या

फिनलंडमध्ये 1985 साली एक मोठी वैद्यकीय चाचणी सुरू झाली. 29,133 पुरुष, सगळे 50 ते 69 वयाचे आणि सगळे सिगारेट ओढणारे. काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन, काहींना 50 मिलिग्रॅम ‘ई’ जीवनसत्त्व, काहींना दोन्ही आणि उरलेल्यांना औषध नसलेली गोळी. गाजर आणि पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, हे आधीच्या पाहण्यांत दिसलं होतं. त्या भाज्यांत बीटा कॅरोटीन असतं, मग तेच गोळीतून दिलं तर कर्करोग कमी व्हायला हवा, असा हिशोब होता. 1994 साली निकाल आला तो उलटा. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण 18 टक्क्यांनी जास्त निघालं. अमेरिकेत अशीच आणखी एक चाचणी 18,314 जणांवर चालू होती: धूम्रपान करणारे, पूर्वी केलेले आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले. त्यांना 30 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन आणि जोडीला ‘अ’ जीवनसत्त्व मिळत होतं. तिथे कर्करोग 28 टक्क्यांनी वाढलेला दिसला आणि 1996 मध्ये चाचणी ठरल्या वेळेच्या 21 महिने आधीच बंद करावी लागली.

बीटा कॅरोटीन, ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्व यांसारख्या, शरीरातली ऑक्सिडेशनची इजा रोखणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. या निकालांना तीसेक वर्षं झाली, तरी औषधाच्या दुकानात ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून मागितलं की आजही गोळ्यांची पट्टी हातात पडते, कुणी वय किंवा सिगारेट विचारत नाही. म्हणून हा विषय मुळापासून आणि थेट स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत नीट समजून घ्यायला हवा. भाज्या, फळं आणि मसाल्यांतले हे पदार्थ शरीराच्या उपयोगाचे आहेत, याबद्दल शंका नाही. पण ते कोणत्या रूपात, किती आणि कशाबरोबर पोटात जातात यावर सगळं ठरतं.

शरीराची स्वतःची व्यवस्था

आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा तयार करायला वापरला जातो. या कामात काही इलेक्ट्रॉन वाटेत निसटतात आणि ऑक्सिजनला चिकटतात. त्यातून सुपरऑक्साइड तयार होतं. हा एक फ्री रॅडिकल, म्हणजे एक इलेक्ट्रॉन एकटा पडलेला, त्यामुळे दुसऱ्या रेणूशी पटकन क्रिया करणारा कण. असे कण वाढले आणि आवरले गेले नाहीत तर पेशींच्या आवरणातली चरबी, प्रथिनं आणि डीएनए यांना इजा होते. डेनहॅम हार्मन यांनी 1956 मध्ये म्हातारपणाचं कारण हेच असावं असं मांडलं. तिथूनच पुढे ‘फ्री रॅडिकल म्हणजे शत्रू’ हा समज पसरला.

पण शरीर या कणांसमोर हतबल नाही. 1969 मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या एन्झाइमचं काम दाखवून दिलं. ते सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, आणि मग कॅटालेज व ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्याचं पाणी करून टाकतात. हे काम प्रत्येक पेशीत अखंड चालू असतं. त्यासाठी लागणारा कच्चा माल मात्र अन्नातून यावा लागतो: सुपरऑक्साइड डिस्म्युटेजला तांबं, जस्त आणि मँगेनीज, कॅटालेजला लोह, पेरॉक्सिडेजला सेलेनियम, आणि पेरॉक्सिडेज ज्याच्या मदतीने काम करतं ते ग्लुटाथायोन बनवायला प्रथिनं. म्हणून फक्त फळांचा रस पिऊन ‘डिटॉक्स’ करणारा माणूस ज्या व्यवस्थेच्या जोरावर जगतो तिचीच प्रथिनं तोडत असतो. डाळ, कडधान्य, तीळ, शेंगदाणे, अंडी, मासे हे अँटिऑक्सिडंट आहाराचा भाग आहेत, हे कुठल्याच जाहिरातीत नसतं.

दुसरं असं की हे कण शरीराला हवेही असतात. पांढऱ्या पेशी जिवाणू मारायला मुद्दाम सुपरऑक्साइड तयार करतात. ज्या मुलांमध्ये जन्मतः ही क्षमता नसते त्यांना वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होतात. व्यायामाच्या वेळी स्नायूंमध्ये हे कण वाढतात आणि तोच स्नायूंना बळकट होण्याचा निरोप असतो. 2009 साली जर्मनीत तरुणांवर झालेल्या एका अभ्यासात चार आठवडे व्यायाम करवून घेतला आणि काहींना रोज 1000 मिलिग्रॅम ‘क’ व 400 युनिट ‘ई’ जीवनसत्त्व दिलं. नुसता व्यायाम करणाऱ्यांमध्ये इन्सुलिनचं काम सुधारलं, गोळ्या घेणाऱ्यांत ती सुधारणा दिसली नाही. जिमला जाण्याआधी विरघळणारी ‘क’ जीवनसत्त्वाची गोळी पिणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

मग भाज्या-फळांचा फायदा होतो कसा? त्यातले पॉलिफेनॉल, म्हणजे वनस्पतींतले रंग आणि तुरटपणा देणारे अँटिऑक्सिडंट पदार्थ, रक्तात पोचतात ते फार थोड्या प्रमाणात, आणि बरेचसे आतड्यातल्या जिवाणूंनी रूप बदलून. एवढ्या थोड्या मालाने फ्री रॅडिकल थेट टिपले जात असतील हे कठीण आहे. त्यातले काही पेशींना हलका त्रास देतात, आणि त्याला उत्तर म्हणून पेशी स्वतःची संरक्षक एन्झाइम वाढवतात. बाकी फायदा तंतुमय भागाचा, पोटॅशियमचा, फोलेटचा, आणि ताटात भाजी आल्यामुळे जे कमी झालं त्या तळणाचा आणि मैद्याचा. परीक्षानळीत मोजलेली अँटिऑक्सिडंट क्षमता शरीरातल्या परिणामाबद्दल काही सांगत नाही म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांचा तक्ता 2012 मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकला. तेव्हा पाकिटावर ‘अमुक पट अँटिऑक्सिडंट’ दिसलं तर तो आकडा वाचायचा सोडून द्या आणि मागची साखर वाचा.

‘क’ जीवनसत्त्व: आवळा, पेरू आणि लिंबाचा गैरसमज

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला रोज 80 आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व लागतं. आवळ्यात जातीनुसार आणि मोजण्याच्या पद्धतीनुसार 100 ग्रॅमला 250 ते 600 मिलिग्रॅम मिळतं. म्हणजे मध्यम आकाराचा एक आवळा, बी काढून 30-35 ग्रॅम, दिवसभराची गरज भागवतो. पेरूत 100 ग्रॅमला 200 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे अर्धा पेरू पुरे. शेवग्याचा पाला आणि हिरवी ढोबळी मिरची दोन्ही 100 मिलिग्रॅमच्या घरात. आणि लिंबू? एका लिंबाचा रस 25 ते 30 मिलिलिटर निघतो, त्यात 10 ते 15 मिलिग्रॅमच असतं. सकाळी लिंबूपाणी प्यायलं की ‘क’ जीवनसत्त्वाचं काम झालं, हे खरं नाही. लिंबाचं खरं काम दुसरं आहे, ते पुढे येईल.

जास्त घेतलं तर जास्त फायदा, असंही नाही. रोज 200 मिलिग्रॅमपर्यंत घेतलेलं जवळजवळ सगळं शोषलं जातं. 400 मिलिग्रॅमच्या पुढे रक्तातली पातळी फारशी वाढत नाही. एका ग्रॅमच्या वर गेलं की निम्म्याहून कमी शोषलं जातं आणि उरलेलं वाया जातं. शोषलेल्यातला काही भाग ऑक्झलेट होऊन लघवीवाटे जातो, म्हणून मुतखडा झालेल्यांनी रोजच्या मोठ्या गोळ्या टाळाव्यात.

आता हे जीवनसत्त्व ताटापर्यंत टिकवायचं कसं. ते पाण्यात विरघळतं, उष्णतेने, हवेने आणि तांबं-लोखंड यांच्या संपर्काने नासतं. अल्कलीत, म्हणजे खायच्या सोड्यासारख्या पदार्थात, तर फारच लवकर. हे एवढं लक्षात ठेवलं की स्वयंपाकाचे सगळे नियम आपोआप सुचतात. पालेभाजी आधी धुवायची, मग चिरायची. चिरून पाण्यात बुडवून ठेवली तर जीवनसत्त्व मोरीत जातं. शिजवताना पाणी कमी, झाकण घट्ट, पाच ते सात मिनिटं. पालेभाजीचा हिरवा रंग टिकावा म्हणून चिमूटभर खायचा सोडा घालायची सवय अनेक घरांत आणि खाणावळींत आहे. त्याने रंग टिकतो, पण ‘क’ आणि ‘बी-1’ दोन्ही जीवनसत्त्वांचा नाश होतो. रंगासाठी सोडा न घालता शेवटची दोन मिनिटं झाकण काढावं. बाजारात मिळणारी चिरलेली भाजी किंवा सकाळी चिरून संध्याकाळी करायची भाजी यात तोटा ठरलेलाच. वेळ वाचवायचा तर निवडून, धुऊन, निथळून, कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा आणि चिरा मात्र फोडणी तापत असताना.

आवळा लोखंडी कढईत किंवा विळीवर काळा पडतो तो त्यातल्या टॅनिनमुळे. ते लोहाशी संयोग करतं, आणि तेच लोह ‘क’ जीवनसत्त्वाचंही नुकसान करतं. आवळ्याला स्टीलची सुरी आणि काचेची बरणी वापरावी. तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिण्याची आता पुन्हा रीत आली आहे, पण त्यात लिंबू पिळून ठेवू नका. आंबट पाण्यात तांबं उतरतं आणि ‘क’ जीवनसत्त्व नासतं. आंबट पदार्थासाठी भांड्याला कल्हई का करायचे याचं कारण जुन्या घरांत सगळ्यांना ठाऊक होतं.

आवळ्याचा मोसम कार्तिकापासून माघापर्यंत. वर्षभरासाठी मोरावळा करतात, पण त्यात आवळ्याइतकीच किंवा त्याहून जास्त साखर असते. एक मोठा चमचा मोरावळा म्हणजे 12-14 ग्रॅम साखर, आणि मधुमेह असेल तर तो आरोग्याचा पदार्थ राहत नाही. च्यवनप्राशाचंही तेच. त्यापेक्षा आवळे किसून, बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा. रोज एक वडी वरणात किंवा ताकात, गॅस बंद केल्यावर टाकायची. दुसरा मार्ग मिठाच्या पाण्यातल्या आवळ्यांचा: लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात 60-70 ग्रॅम मीठ, थोडी हळद, आवळे पूर्ण बुडालेले. वर राहिलेला आवळा बुरशी धरतो, म्हणून वर छोटी वाटी दाब म्हणून ठेवावी. थोडं जीवनसत्त्व पाण्यात उतरतं, तेव्हा ते पाणी आमटीत वापरा आणि आमटीचं मीठ तेवढं कमी करा. रक्तदाब असलेल्यांनी मात्र गोठवलेला कीसच बरा.

कच्चं की शिजवलेलं?

सगळं कच्चं खाल्लं की सगळं मिळतं, हा सल्ला आज फार ऐकू येतो. तो अर्धाच बरोबर आहे. टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपिन आणि गाजर, भोपळा, शेवगा, कढीपत्ता यांतलं बीटा कॅरोटीन पेशींच्या भिंतींत अडकलेलं असतं. ते शिजवल्यावर मोकळं होतं आणि तेलातुपात विरघळून शोषलं जातं. टोमॅटोचं सार तुपाच्या फोडणीसह घेतलं तर लायकोपिन कच्च्या फोडींपेक्षा अधिक लागू पडतं. ‘क’ जीवनसत्त्व मात्र उकळताना बरंच जातं. म्हणून जेवणात एक शिजलेली भाजी आणि एक कोशिंबीर ही आपली जुनी मांडणी शास्त्राला धरून आहे. तेल किती? माणशी एका जेवणात एक छोटा चमचा, म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास, कॅरोटीन शोषायला पुरतं. अजिबात तेल नसलेली उकडलेली भाजी खाऊन कॅरोटीनचा फायदा कमीच मिळतो. आणि ताटाच्या कडेला काढून ठेवलेला कढीपत्ता हा फोडणीतला सर्वांत मोलाचा भाग असतो. मुलं काढून टाकत असतील तर पानं बारीक चिरून किंवा वाळवून चटणीत कुटून घाला.

लसणाची गोष्ट वेगळीच आहे. लसणाचा उग्र वास ज्या ॲलिसिनचा, ते अख्ख्या पाकळीत नसतंच. पाकळी ठेचली की त्यातलं ॲलिनेज हे एन्झाइम ॲलिइनशी भेटतं आणि मग ॲलिसिन तयार होतं. लगेच कढत तेलात टाकली तर एन्झाइम मरतं आणि पुढचं घडतच नाही. म्हणून लसूण ठेचून दहा मिनिटं बाजूला ठेवावा, मग फोडणीला घालावा. भाजी चिरण्याआधी लसूण ठेचला की हा वेळ वेगळा काढावा लागत नाही. ठेचा आणि लसणाच्या चटणीत ही अडचण नाही.

कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल, ब्रोकोली यांचंही तसंच. चिरल्यावर मायरोसिनेज नावाचं एन्झाइम काम करतं आणि सल्फोराफेनसारखी संयुगं तयार होतात. वर ज्या ‘हलका त्रास देऊन पेशीला जागं करणाऱ्या’ पदार्थांचा उल्लेख केला, त्यांत सल्फोराफेनचा अभ्यास सगळ्यात जास्त झाला आहे. चिरून अर्धा-पाऊण तास ठेवलेली ब्रोकोली मग शिजवली तरी चालते, कारण काम आधीच झालेलं असतं. (इथे ‘क’ जीवनसत्त्वाचा नियम आडवा येतो. ते थोडं जातं, पण ते पेरूतून मिळेल. सल्फोराफेन पेरूत नाही.) घाईत शिजवलेल्या कोबीवरही उपाय आहे: मायरोसिनेज मोहरीत भरपूर असतं. पण फोडणीत तडतडलेल्या मोहरीत ते उरत नाही. हवी ती फेसलेली मोहरी. पाव चमचा मोहरीची पूड चमचाभर गार पाण्यात नाकात झणका जाईपर्यंत फेसायची आणि भाजी खाली उतरवून, कोमट झाल्यावर वरून कालवायची. झणका आला म्हणजे एन्झाइम जिवंत आहे. गरम पाण्यात फेसलं किंवा वर्षभर पडलेली पूड घेतली तर तो येत नाही. काकडीच्या कोशिंबिरीला फेसलेली मोहरी लावतात, तीच कोबीला लावायची.

कांद्यात क्वेर्सेटिन नावाचं पॉलिफेनॉल असतं, लाल कांद्यात भरपूर आणि पांढऱ्यात नावालाच. ते बाहेरच्या पापुद्र्यांत जास्त असतं, त्यामुळे सोलताना दोन-दोन जाड थर काढून टाकू नयेत. परतल्यावर बरंचसं टिकतं, उकळल्यावर पाण्यात उतरतं. आमटीत पाणी पोटातच जातं, म्हणून चिंता नाही.

हळदीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. हळदीत वजनाच्या साधारण 3 टक्के कर्क्युमिन असतं. अर्धा चमचा हळद दीड ग्रॅम धरली तर 45 मिलिग्रॅम. चाचण्यांमध्ये दिवसाला 500 ते 1500 मिलिग्रॅम वापरतात, आणि तेही आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. बंगळुरूच्या 1998 च्या अभ्यासात 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतलं 20 मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर शोषण वीसपट वाढलं. हे वाचून कंपन्यांनी दोन्ही एकत्र करून कॅप्सूल काढल्या. नंतर अमेरिकेत आणि इटलीत अशा कॅप्सूल घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याचे रुग्ण नोंदले गेले. स्वयंपाकातली हळद शेकडो वर्षं आपण खातो आहोत, ती खुशाल खावी. कॅप्सूल हा वेगळा पदार्थ आहे. हळद घेताना फार चकचकीत पिवळी टाळा, कारण रंगासाठी लेड क्रोमेट या शिसं असलेल्या पिवळ्या रंगाची भेसळ होते आणि शिसं स्वतःच पेशींमधलं ऑक्सिडेशन वाढवतं. सांगलीची असो की वायगावची, ओळखीच्या शेतकऱ्याकडून पॉलिश न केलेली हळकुंडं घेऊन दळून आणलेली उत्तम.

लिंबू, चहा आणि लोह

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. चहातले पॉलिफेनॉल उत्तम अँटिऑक्सिडंट म्हणून गाजतात, पण तेच भाजी-भाकरीतल्या लोहाला पकडून ठेवतात. जेवणाबरोबर चहा घेतला तर लोहाचं शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. पोहे-उपमा आणि सोबत चहा हा आपला नाश्ता या दृष्टीने वाईटच. चहा सोडायला नको, तासभर पुढे ढकला. आणि इथे लिंबाचं काम येतं: उसळ, पोहे, पालेभाजी यावर गॅस बंद करून पिळलेल्या अर्ध्या लिंबाने लोह शोषण्याजोग्या रूपात राहतं. मिलिग्रॅम थोडे असले तरी त्याच घासात असल्याने ते उपयोगी पडतात. नाचणी आणि लाल ज्वारीच्या कोंड्यातले टॅनिनही लोहाला अडवतात, म्हणून नाचणीच्या भाकरीबरोबर लिंबू किंवा हिरव्या मिरचीचा ताजा ठेचा हवाच. पीठ मात्र वस्त्रगाळ करू नका, पॉलिफेनॉल आणि तंतू कोंड्यातच असतात.

ग्रीन टीच्या दोन-तीन कपांनी काही बिघडत नाही. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांची गोष्ट निराळी. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये सांगितलं की गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (ग्रीन टीमधलं मुख्य पॉलिफेनॉल) घेतल्यास यकृतावर ताण आल्याची चिन्हं दिसतात. वजन कमी करण्याच्या बऱ्याच पुड्यांत हा अर्क असतो.

खवट वास

अँटिऑक्सिडंट खाण्याइतकंच ऑक्सिडाइज झालेलं न खाणंही मोलाचं आहे, आणि याची चर्चा फार कमी होते. खवट वास म्हणजे तेलाचं ऑक्सिडेशन झालेलं असणं. शेंगदाण्याचा कूट, सुकं खोबरं, जवसाची चटणी, बाजरीचं पीठ ही नेहमीची ठिकाणं. बाजरीचं पीठ आठवड्याचंच दळावं, उन्हाळ्यात त्याहून कमी, कडवटपणा आला की टाकून द्यावं. जवस भाजून ठेवावेत आणि पूड पंधरा दिवसांपुरती करून फ्रीजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. अख्खं जवस तसंच बाहेर पडतं, म्हणून कुटणं गरजेचं. बुरशी लागलेले शेंगदाणे तर निवडूनही वापरू नयेत, त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं.

तळलेल्या तेलाचं तेच. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून तळणाच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांची (तेल तापून बिघडल्यावर तयार होणाऱ्या घटकांची) मर्यादा 25 टक्के ठेवली आहे. घरी ते मोजता येत नाही, पण तेल काळपट, चिकट झालं, फेस मावेना, किंवा पूर्वीपेक्षा लवकर धूर यायला लागला तर ते संपलं. एकदा तळलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला वापरावं, पुन्हा तळणीला नाही. करडईच्या तेलात ‘ई’ जीवनसत्त्व चांगलं असतं, पण त्यातली बहुअसंतृप्त चरबी उष्णतेने लवकर बिघडते. ते फोडणीला ठेवा, तळायला शेंगदाण्याचं घ्या. तेलाचा डबा गॅसशेजारी ठेवू नका.

कण जिथे तयार होतात तिथे

सिगारेटच्या एका झुरक्यात एकावर पंधरा शून्यं इतके फ्री रॅडिकल असतात. कुठलाही आवळा त्याला पुरा पडत नाही. धूम्रपान करणाऱ्याला रोज 35 मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व जास्त लागतं एवढंच. मिश्री, तंबाखू-चुना आणि सुपारी यांचा धूर नसला तरी चुन्याच्या संपर्कात सुपारीतली संयुगं तोंडातच हे कण तयार करतात. गावाकडे बायकांना सकाळी दात घासायला मिश्री लागते आणि ते व्यसन म्हणून धरलंच जात नाही, याची मनापासून काळजी वाटते. सोडायची तर एकदम सोडून दंतमंजनावर यावं, आणि पहिले दोन आठवडे डोकेदुखी, चिडचिड होणार हे घरच्यांनी समजून घ्यावं.

डासांची कॉइल ही न दिसणारी सिगारेट आहे. एका अभ्यासात एका कॉइलमधून निघालेले सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले. बंद खोलीत रात्रभर ती जळत असेल तर दिवसभराच्या फळांना अर्थ राहत नाही. मच्छरदाणी लावा.

दारूमुळे यकृतातलं ग्लुटाथायोन खर्ची पडतं आणि पॅरासिटामॉलचा विषारी अंश निकामी करायला तेच लागतं, म्हणून रोज पिणाऱ्याने पॅरासिटामॉलच्या गोळ्या मनाने घेणं धोक्याचं. रेड वाईनमधल्या रेझव्हेराट्रॉल या पॉलिफेनॉलचा दाखला देऊन पिण्याचं समर्थन करू नये, लिटरमध्ये ते काही मिलिग्रॅमच असतं.

जेवणानंतर रक्तातली साखर झपाट्याने चढते तेव्हाही मायटोकॉन्ड्रियातून सुपरऑक्साइड जास्त निसटतं. दहा-पंधरा मिनिटं शतपावली हा त्यावरचा सोपा उपाय. आठवड्याला 150 मिनिटं घाम येईल असं चालणं किंवा सायकल, आणि सात तास झोप. एकदम जोर करू नये. सवय नसलेल्याने पहिल्याच रविवारी वीस किलोमीटर ट्रेक केला तर शरीराच्या तयारीपेक्षा इजा जास्त होते. दर आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास वाढ पुरे.

गोळ्या कुणाला हव्यात

काही ठिकाणी त्या खरोखर उपयोगी आहेत. वयोमानानुसार डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग खराब होण्याचा आजार मध्यम टप्प्यात असेल, तर 500 मिलिग्रॅम ‘क’, 400 युनिट ‘ई’, जस्त, तांबं, 10 मिलिग्रॅम ल्युटिन आणि 2 मिलिग्रॅम झियाझँथिन (दोन्ही बीटा कॅरोटीनच्याच कुळातली रंगद्रव्यं) असं मिश्रण नेत्रतज्ज्ञ देतात. मूळ मिश्रणात बीटा कॅरोटीन होतं आणि 2001 च्या चाचणीत आजार बळावण्याचा धोका सुमारे 25 टक्क्यांनी घटला होता. 2013 च्या चाचणीनंतर, धूम्रपान करणाऱ्यांचा धोका लक्षात घेऊन, त्याजागी ल्युटिन-झियाझँथिन आलं. पॅरासिटामॉलची विषबाधा झाल्यास ॲसिटिलसिस्टीन जीव वाचवतं, कारण ते ग्लुटाथायोन पुन्हा भरून काढतं. मधुमेह नसलेल्या फॅटी लिव्हरच्या काही रुग्णांना यकृततज्ज्ञ ‘ई’ जीवनसत्त्व देतात.

याउलट केस आणि त्वचेसाठी महिनोन् महिने घेतल्या जाणाऱ्या 400 च्या ‘ई’ कॅप्सूल. रोजची गरज जेमतेम 10 मिलिग्रॅम, ती शेंगदाणे आणि स्वयंपाकाचं तेल असलेल्या रोजच्या जेवणातून भागू शकते. 35,533 पुरुषांवर झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत रोज 400 युनिट ‘ई’ घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्क्यांनी जास्त आढळला, हा निकाल 2011 चा. वॉरफरीनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर ही कॅप्सूल चालू असल्याचं भूलतज्ज्ञांना सांगायलाच हवं, आणि केमोथेरपी किंवा रेडिएशन चालू असताना कुठलीही अँटिऑक्सिडंट गोळी कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. जागतिक आरोग्य संघटना रोज 400 ग्रॅम भाज्या-फळं सांगते, बटाटा-रताळं त्यात धरायचं नाही. दोन वाट्या शिजलेली भाजी, वाटीभर कोशिंबीर आणि एक पेरू यात ते भरतं. किडनीचा आजार असणाऱ्यांना मात्र पोटॅशियममुळे हे प्रमाण चालत नाही. त्यांनी भाजी कोणती, किती आणि उकळून पाणी टाकून घ्यायची का, हे आहारतज्ज्ञाकडून रक्ताच्या तपासण्या दाखवून ठरवून घ्यावं.